मालावरची चिठ्ठी

जुन्या पेढ्यांवर प्रत्येक वस्तूला दोन नावे असत. एक गिऱ्हाइकाने घ्यायचे आणि दुसरे घरच्यांनी ओळखायचे. भांड्यांच्या दुकानात परातीच्या तळाशी चिकटवलेल्या चिटोऱ्यावर दोन-तीन अक्षरे असत. परक्यास ती निरर्थक वाटत. गादीवर बसलेल्यास मात्र त्यांतून खरेदीचा भाव कळे. दहा निरनिराळ्या अक्षरांचा एखादा शब्दसमूह घराण्याने ठरवलेला असे. त्यातील पहिले अक्षर म्हणजे एक, दुसरे म्हणजे दोन, आणि शेवटचे म्हणजे शून्य. सांगलीत आमच्या घरी अशी खूण तीन पिढ्या चालली. ती मी येथे लिहिणार नाही. आता तिचा उपयोग कोणी करीत नाही, तरीही नाही.

दुकानात संगणक आला तेव्हा ही अक्षरे गेली आणि त्यांच्या जागी काळ्या रेघांची लेबले आली. आमच्या घरी हिशेब व मालाची नोंद माझ्याकडे असल्यामुळे लेबले निवडण्याचे कामही माझ्याकडेच आले. लग्नकार्यात किंवा समाजाच्या एखाद्या समारंभात व्यापारी घरांतील मंडळी भेटतात आणि विचारतात, ‘वहिनी, बारकोडासाठी कोणते यंत्र घ्यावे?’ प्रश्न योग्यच आहे, परंतु माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. यंत्र काही वर्षांनी बदलते, बिघडते, त्याच्या जागी नवे येते. लेबल मात्र मालाला चिकटून राहते; कोठारात राहते, उन्हात, ओलीत आणि तेलकट हातांत राहते, आणि पुष्कळदा गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत जाते. म्हणून यंत्राआधी माल नजरेसमोर आणावा आणि त्याचे आयुष्य कोठे व किती काळ जाणार आहे याचा विचार करावा. लेबल त्यानुसार ठरते आणि यंत्र लेबलानुसार.

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. त्या रेघांत किंमत लपलेली असते असे पुष्कळांना वाटते. आमच्या मामंजींनाही प्रारंभी तसेच वाटत होते, आणि आपली खूण आता कोणीही यंत्राने वाचील या शंकेने ते अस्वस्थ होते. वस्तुतः त्यात सामान्यतः केवळ एक क्रमांक असतो. किंमत, खरेदीचा भाव, शिल्लक हे सर्व संगणकात असते. स्कॅनर फक्त कोणती वस्तू आली एवढेच सांगतो. हे समजल्यावर मामंजी म्हणाले, ‘म्हणजे ही आपल्या खुणेपेक्षा बरी. खूण निदान भाव सांगत होती, ही काहीच सांगत नाही.’ बारकोडाची याहून अचूक व्याख्या मी अद्याप ऐकलेली नाही.

या रेघांचा जन्मही मनोरंजक आहे. अमेरिकेत नॉर्मन जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोघा तरुणांनी किराणा दुकानातील मालाची नोंद आपोआप कशी घेता येईल याचा ध्यास घेतला होता. वुडलँड यांना तारायंत्राची मोर्स लिपी येत होती. मायामीच्या समुद्रकिनाऱ्यावर बसले असता त्यांनी वाळूत ठिपके व रेघा काढल्या आणि बोटांनी त्या खाली ओढल्या. त्यातून जाड व बारीक रेघांची कल्पना सुचली. १९५२ मध्ये त्यांना पेटंट मिळाले, परंतु तेव्हा ना स्वस्त संगणक होते, ना लेझर. दुकानात प्रत्यक्ष माल स्कॅन होण्यास २६ जून १९७४ उजाडावा लागला. ओहायो राज्यातील ट्रॉय गावी एका सुपरमार्केटात च्युइंगमचे एक पाकीट त्या दिवशी प्रथम काचेवरून सरकवले गेले. एवढ्या मोठ्या विद्येची पहिली बोहनी च्युइंगमने व्हावी, याची मला नेहमी गंमत वाटते.

आता क्रमांकाविषयी, कारण लेबल कितीही उत्तम घेतले तरी त्यावर कोणता क्रमांक छापायचा हे ठरलेले नसेल तर तो केवळ शोभेचा कागद. येथे दोन वाटा आहेत आणि त्या एकमेकींत मिसळू देऊ नयेत. आपण स्वतः माल तयार करून तो इतरांच्या दुकानांत पाठवणार असाल, तर जगात इतर कोणाचा नसेल असा क्रमांक हवा. भारतात तो जीएस वन इंडिया या संस्थेकडे नोंदणी करून मिळतो आणि त्याचा प्रारंभ ८९० ने होतो. (८९० म्हणजे माल भारतात तयार झाला, असा समज सर्वत्र आहे. तो बरोबर नाही. क्रमांक घेणाऱ्या कंपनीची नोंदणी येथील संस्थेत आहे, एवढाच त्याचा अर्थ. माल कोठे तयार झाला हे पाकिटावर वेगळे वाचावे लागते.) माल केवळ आपल्याच दुकानात विकला जाणार असेल तर मात्र हा खर्च करण्याचे कारण नाही. तेरा अंकी क्रमांकांपैकी २० ते २९ ने सुरू होणारे क्रमांक अशा अंतर्गत वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. त्यांतील हवे ते वापरावेत. ते दुकानाबाहेर कोणासही लागू नाहीत.

धाकट्या जाऊबाई घरी खाकरे आणि मेतकूट करून विकतात. पुण्यातील एका मोठ्या दुकानाने माल मागवला आणि बारकोडाची अट घातली, तेव्हा हा भेद घरात प्रथम नीट उमगला. त्याच सुमारास अत्यंत स्वल्प दरात क्रमांक विकणारा एक मध्यस्थही फोनवर भेटला. जाऊबाईंनी त्याला एकच प्रश्न विचारला, ‘नोंद कोणाच्या नावावर राहील?’ त्याचे उत्तर गोलमोल आले आणि विषय तेथेच संपला. क्रमांक दुसऱ्याच्या नावावर असेल तर मोठे दुकान नोंद तपासताना माल परत करू शकते, आणि छापून घेतलेल्या पिशव्या वाया जातात. आणखी एक गोष्ट त्यांना पहिल्याच महिन्यात कळली. शंभर ग्रॅमचे मेतकूट आणि दोनशे ग्रॅमचे मेतकूट स्वयंपाकघरात एकच असले तरी बारकोडाच्या दृष्टीने ते दोन पदार्थ आहेत, आणि चोवीस पाकिटांचे खोके हा तिसरा. किती क्रमांक लागतील याचा हिशेब पदार्थांवरून नव्हे, तर अशा प्रत्येक मापावरून करावा.

आमच्या दुकानात मात्र दुसरी वाट. स्टीलची व पितळेची पुष्कळ भांडी वजनावर विकली जातात, म्हणून प्रत्येक परातीचा क्रमांक वेगळा येतो. आम्ही २१ नंतर पाच अंक वस्तूसाठी, पाच अंक ग्रॅममधील वजनासाठी आणि शेवटचा एक अंक पडताळ्यासाठी अशी रचना ठेवली आहे. ४१७ क्रमांकाची परात १ किलो ८४५ ग्रॅम भरली तर लेबलावर २१००४१७०१८४५७ असे छापले जाते. शेवटचा ७ कोठून आला? डावीकडून सम स्थानांवरील अंकांची बेरीज १५, तिची तिप्पट ४५, विषम स्थानांवरील अंकांची बेरीज १८, एकूण ६३. पुढील दशक ७०, म्हणून उरले ७. स्कॅनर प्रत्येक वेळी हा हिशेब करून पाहतो आणि जुळला नाही तर वाचण्यास नकार देतो.

हे मी आमच्या दिवाणजींना समजावून सांगितले, तेव्हा त्यांनी कागद ओढून घेतला आणि १८४५ च्या जागी १४८५ लिहून बेरीज केली. ती ५५ आली, पडताळ्याचा अंक ७ ऐवजी ५. ‘चूक सापडते खरी,’ ते म्हणाले, ‘पण हे आम्हाला नवे नाही.’ वही जुळत नसेल तर फरकाला नऊने भागून पाहावे, भाग गेला तर कोठेतरी दोन अंकांची अदलाबदल झालेली असण्याचा संभव, हा जुन्या मुनीमांचा ताळा वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. १८४५ उणे १४८५ म्हणजे ३६०. नऊने भाग जातो. दिवाणजींनी त्यावर न थांबता संध्याकाळपर्यंत खटपट करून यंत्राच्या पद्धतीतील एक फटही शोधून काढली. शेजारचे दोन अंक परस्परांपासून पाचने दूर असतील, जसे २ आणि ७, आणि त्यांची अदलाबदल झाली, तर स्कॅनरला ती कळत नाही. नऊच्या ताळ्याला कळते. हा शोध त्यांनी पुढे आठवडाभर प्रत्येक येणाऱ्याला ऐकवला.

आता लेबलाच्या कागदाकडे वळू. बाजारात मुख्यतः दोन प्रकार. पहिल्यात शाई नसतेच. कागदावर रसायनाचा थर असतो आणि छापणाऱ्या यंत्राच्या उष्णतेने तो काळा पडतो. यास थर्मल लेबल म्हणतात. दुसऱ्यात साध्या लेबलावर रिबनीवरील शाई उष्णतेने उतरवली जाते. रोल हातात घेऊन कोणता प्रकार हे ओळखायचे असेल तर नखाने जोरात ओरखडावे. काळी रेघ उमटली तर थर्मल. मोठ्या दुकानांची बिले कपाटात काही महिन्यांनी कोरी होतात, तोच हा कागद. उष्णतेने जो काळा होतो तो पुढेही उष्णता, ऊन आणि तेल यांनी बदलत राहतो. कुरिअरच्या खोक्यासाठी, आठवड्यात खपणाऱ्या फरसाणासाठी तो उत्तम आहे, कारण रिबनीचा खर्च वाचतो. वर्षभर फळीवर राहणाऱ्या मालासाठी तो योग्य नाही. (काही थर्मल कागदांत बिस्फेनॉल-ए हे रसायन असते, युरोपीय संघाने २०२० च्या जानेवारीपासून त्यावर कडक मर्यादा घातली. मागणी नोंदवताना त्याविरहित कागद मागण्यास काहीच हरकत नसावी.)

रिबनीतही भेद आहे. मेणाची रिबन स्वस्त, साध्या कागदावर सुबक उमटते, परंतु घासली की पुसट होते. रेझिनची रिबन महाग, तिला प्लास्टिकचे लेबल लागते. मात्र ती पाणी, साबण आणि घर्षण सोसते. दोहोंच्या मधली मिश्र रिबनही मिळते. कागदी लेबलांना व्यापारात क्रोमो म्हणतात. प्लास्टिकमध्ये पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिएस्टर. कापडवाल्यांनी टॅफेटा पाहावा, कारण तो धुतला तरी टिकतो. सराफांना डमरूच्या आकाराचे लेबल लागते, ज्याची मधली चिंचोळी पट्टी अंगठीभोवती गुंडाळली जाते. शीतगृहातील मालाला गोंदच वेगळा लागतो. साधा गोंद थंडीत पकड सोडतो. या धंद्यांविषयी मी ऐकीव बोलणार नाही, भांड्यांविषयी मात्र अनुभवाने सांगते.

स्टीलच्या ताटावर चिकटलेले लेबल ही महाराष्ट्रातील गृहिणींची जुनी तक्रार आहे. कोणी खोबरेल तेल लावते, कोणी ताट गॅसवर धरते, कोणी घासणीने घासून नव्या ताटावर कायमचे चरे पाडते. मुलीच्या लग्नासाठी घेतलेल्या, नाव घातलेल्या भांड्यांवर आमच्या दुकानाची आठवण चिकट डागाच्या रूपाने राहावी, हे काही भूषण नव्हे. म्हणून ताट, वाटी, पेला यांसाठी सहज निघणाऱ्या गोंदाचे प्लास्टिक लेबल. पितळेवर लेबल चिकटवतच नाही. आजूबाजूचे पितळ काळवंडते आणि लेबलाखालचा चौकोन वेगळा दिसतो, म्हणून तेथे कडीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. खोक्यांना मात्र साधे क्रोमो आणि मेणाची रिबन, निदान २०१९ पर्यंत तरी.

आमच्याकडे यंत्र २०१६ मध्ये आले. यंत्र देणाऱ्याने सोबत थर्मलचे रोल दिले होते. पुढील उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखालच्या मालावरील अक्षरे फिकी होऊ लागली, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर सुरू होणार असल्याने मालाची नोंद नव्याने लागणारच होती. तेव्हा मामंजींनी सांगितले, ‘भांडे दुकानात असेपर्यंत चिठ्ठी राहिली पाहिजे. पुढचे तुमचे तुम्ही ठरवा.’ रेझिनची रिबन त्यानंतर आली. खर्च वाढला, यजमानांनी थोडी कुरकुर केली, परंतु मामंजींच्या पुढे बोलण्याची आमच्या घरी पद्धत नव्हती.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगली शहरात शिरले. मारुती रस्ता, गणपती पेठ पाण्याखाली गेली. आमचे दुकान आणि खालच्या बाजूचे कोठारही. अनेक दिवस आत जाता आले नाही. पाणी ओसरल्यावर शटर उघडले तेव्हा फळ्या कोसळलेल्या, आणि दुकानभर हंडे, कळश्या, पातेली, डबे चिखलात एकमेकांत रुतलेले. पर्युषण तोंडावर आले होते. धान्याच्या, कापडाच्या दुकानदारांकडे पाहता आम्ही सुदैवी होतो, कारण भांडे भिजून नासत नाही. मात्र विमा कंपनीचा माणूस पाहणीस येणार होता आणि त्याला काय होते, किती होते, कोणत्या भावाचे होते, हे दाखवायचे होते. पुठ्ठ्याची खोकी लगदा झाली होती आणि त्यांवरची क्रोमो लेबले त्या लगद्यातच गेली होती. मेणाची शाई पाण्याने विरघळली नसती. तिच्याखालचा कागदच उरला नाही.

पुतण्याने एक डबा नळाखाली धरला, चिखल धुतला आणि लेबलावर स्कॅनर धरला. टिक असा आवाज आला. आणखी एक धुतला, पुन्हा आवाज. प्लास्टिकच्या लेबलांपैकी काही सुटून गेली होती, कारण गोंदच सहज निघणारा होता. पण जी टिकली होती त्यांच्यावरची छपाई जशीच्या तशी होती. पुढचे नऊ दिवस घरातील सर्वजण हेच करीत होतो. अंगणात पाण्याची पिंपे, एका बाजूला धुणारे, दुसऱ्या बाजूला स्कॅन करणारे. संगणक घरी वरच्या मजल्यावर असल्याने नोंदी सुरक्षित होत्या.

लेबल नसलेल्या भांड्यांचा ढीग वेगळा होत गेला आणि तो काही लहान नव्हता. खोक्यातील सुटा माल, ज्याची ओळख केवळ खोक्यावर होती, तो सगळा त्यात आला. तेव्हा दिवाणजी पुढे झाले. त्यांचे वय सत्तरीपलीकडचे, त्यांच्या स्वतःच्या घरातही पाणी आले होते. ते पाटावर बसले आणि एकेक भांडे हातात घेऊन सांगू लागले. काठाची गोलाई पाहून कारखाना, नखाने वाजवून जाडी, हातात तोलून वजन. कोणत्या वर्षीच्या खरेदीतले, कोणत्या दिवाळीला उरलेले, हेही. मी लिहीत गेले आणि पुतण्या खरेदीच्या बिलांशी जुळवत गेला. त्यांनी सांगितलेले आणि बिलात सापडलेले यांत फरक पडला असे क्वचितच झाले. मामंजी समोर खुर्चीवर बसून होते. एका जुन्या परातीच्या तळाशी फिकट झालेली दोन अक्षरे दिवाणजींनी त्यांना दाखवली. त्यांनी ती मोठ्याने न वाचता केवळ मान हलवली आणि मला भाव सांगितला.

त्या दिवसांनंतर दोन गोष्टी बदलल्या. खोक्यावरचे लेबलही प्लास्टिकचे झाले आणि सुट्या मालालाही प्रत्येकी वेगळे लेबल लागले. आणि दिवाणजींना जे जे ठाऊक होते ते संगणकात उतरवण्याचे काम मी पुढील हिवाळ्यात रोज दुपारी एक तास त्यांच्याजवळ बसून पूर्ण केले. कारखाना, घडण, जाडी, कोणत्या गावच्या गिऱ्हाइकाला काय आवडते. पुढच्या वर्षी त्यांनी काम सोडले. गुडघे साथ देत नव्हते. त्या ढिगाची मोजदाद त्यांच्याविना झाली नसती, हे विम्याचे काम पार पडल्यावर मामंजींनी सर्वांसमक्ष बोलून दाखवले, आणि जी माहिती एका माणसाच्या हातांत आहे ती किती दिवस पुरेल, हा विचार त्यानंतर माझ्या मनातून गेला नाही.

लेबल कोठे लावावे याइतकाच, ते कोठे लावू नये हाही विचार करावा लागतो, आणि खाद्यपदार्थांच्या बाबतीत आपल्या घरांना तो विशेष लागू आहे. दुकानदार घाईत आपले लेबल पाकिटाच्या मागच्या बाजूला लावतो आणि नेमके त्याखाली घटकांची यादी झाकली जाते. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य असलेले गिऱ्हाईक ती यादी वाचल्याशिवाय पाकीट घेत नाही. आयएनएस १२० असे लिहिलेला तांबडा रंग किड्यांपासून काढलेला असतो, हे ठाऊक असलेली आजीबाई चष्मा लावून तोच आकडा शोधत असते. हिरव्या चौकोनातील हिरवा ठिपका, वापराची अंतिम तारीख आणि ही यादी यांवर लेबल येता कामा नये. येथे मी कोणतीही सवलत देणार नाही. छापील कमाल किमतीवर लेबल लावणे तर कायद्याच्याच विरुद्ध आहे. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार किंमत कमी करायची असेल तरच नव्या किमतीची चिठ्ठी लावता येते, आणि तीही मूळ किंमत न झाकता.

गोंदावरून आठवले. मामंजींच्या वडिलांच्या काळी दुकानात सरस येऊ देत नसत, कारण तो जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून होतो. चिटोरे कणकेच्या खळीने चिकटवले जात आणि पावसाळ्यात त्यांना कसर लागे. मग किडे होऊ नयेत म्हणून खळीत मोरचूद घालावा की घालू नये यावर घरात चर्चा चाले, असे ते सांगत. आजच्या लेबलांचा गोंद सामान्यतः अॅक्रिलिक किंवा कृत्रिम रबराचा असतो, त्यामुळे ती चर्चा आपोआप मिटली. नवी चर्चा मात्र सुरू करण्यास जागा आहे: लेबल काढल्यावर मागे उरणारा गुळगुळीत कागद सिलिकॉनचा थर असल्यामुळे रद्दीवाला घेत नाही, आणि आमच्याकडे तो पोत्यांनी साठतो.

छपाईविषयी थोडक्यात. आपल्याकडे लाल रंगाची हौस फार. परंतु बहुतेक स्कॅनरांचा प्रकाश लाल असतो, त्यामुळे पांढऱ्यावर छापलेल्या लाल रेघा त्याला दिसतच नाहीत. काळ्या रेघा, पांढरी जमीन, हेच ठेवावे. तेरा अंकी बारकोडाचा पूर्ण आकार सुमारे ३७ मिलिमीटर रुंद व २६ मिलिमीटर उंच असतो आणि तो ८० टक्क्यांपर्यंत लहान करता येतो. त्याखाली जाऊ नये. दोन्ही बाजूंची कोरी जागा त्यातच धरलेली आहे, तेथे दुकानाचे नाव घुसवू नये. पेल्यासारख्या लहान गोल भांड्यावर रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकाखाली एक याव्यात. कुंपणासारख्या उभ्या लावल्या तर कडेच्या रेघा वळणाआड जातात.

पुढे या रेघांची जागा चौकोनी ठिपक्यांचे कोड घेतील अशी चिन्हे आहेत. २०२७ च्या अखेरीपर्यंत दुकानांतील स्कॅनरांनी तेही वाचावेत असे उद्दिष्ट जीएस वनने जगभर ठेवले आहे. त्यांत क्रमांकाबरोबर अंतिम तारीख व तुकडीचा क्रमांकही मावतो. जाऊबाईंच्या मेतकुटाला त्याचा उपयोग होईल, आमच्या हंड्यांना फारसा नाही. नवा स्कॅनर घेणाऱ्याने मात्र तो दोन्ही वाचतो का हे विचारून घ्यावे.

कोणताही रोल मोठ्या संख्येने घेण्यापूर्वी मी विक्रेत्याकडून वीस-पंचवीस नमुने मागून घेते. काही गच्चीवर उन्हात, काही पाण्याच्या बादलीत, काही तेलाच्या हाताने चोळून, काही फ्रीजमध्ये, आणि दोन-चार ताटांवर लावून ती ताटे एकमेकांवर रचून ठेवते. महिन्याने सर्वांवर स्कॅनर धरायचा आणि ताटांवरची सोलून पाहायची. सध्या एका नव्या कारखान्याचे नमुने गच्चीवर आहेत. ताटांवरची स्वच्छ निघतात, उन्हातली अजून वाचली जातात. बादलीतल्यांचा एक कोपरा सुटू लागला आहे. मागणी मी अद्याप नोंदवलेली नाही.